पंचवीस वर्षांची सिंगल मॉल्ट कशी चाखावी

गेल्या दिवाळीत आतेभाऊ ॲबरडीनहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलेली ग्लेनफार्क्लस २५, म्हणजे पंचवीस वर्षं मुरलेली स्कॉच, होती. आम्ही सहाजणांनी तिच्यासाठी आधीच कॉन्ट्री काढून त्याला पैसे पाठवले होते. बाटली टेबलावर आली, हातोहात फिरली, फोटो झाले आणि पाचव्या मिनिटाला एकाने विचारलं, "सोडा आणलाय ना?"

सगळे हसले, पण त्याचं तरी काय चुकलं? बर्फ, सोडा, मसाला शेंगदाणे आणि मोठ्या आवाजातली गाणी ही आपली सगळी व्यवस्था व्हिस्कीची मूळ चव फारशी जाणवू नये म्हणूनच तयार झाली आहे. मळीच्या स्पिरिटवर बनलेल्या स्वस्त व्हिस्कीला ती शोभतेही. पंचवीस वर्षं पिंपात काढलेल्या सिंगल मॉल्टवर मात्र तीच रीत चालवली, तर पैसे पाण्यात, म्हणजे सोड्यात. म्हणून त्या दिवशी आम्ही जे केलं (आणि त्याआधी दोन-तीन बाटल्यांवर जे चुकलो) ते क्रमाने लिहितो.

महाराष्ट्रात कायद्याने पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय व्हिस्की पिता येत नाही. तेव्हा इथे पिणारा बाटलीपेक्षा लहान असण्याचा प्रश्न येत नाही.

आधी लेबल वाचा

स्कॉचचे नियम कडक आहेत. स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, किमान ३ वर्षं मुरलेली आणि किमान ४० टक्के अल्कोहोल असलेली व्हिस्कीच स्कॉच म्हणवते. तिच्यात पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरामेल सोडून काहीही घालता येत नाही. सिंगल मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये (ऊर्ध्वपातनाच्या हंड्यात), एकाच डिस्टिलरीत काढलेली. 'सिंगल' म्हणजे एकच पिंप, असा गैरसमज फार जणांचा असतो. एका डिस्टिलरीची शेकडो पिंपं एकत्र केली तरी ती सिंगल मॉल्टच. एकाच पिंपातली असेल तर लेबलवर 'सिंगल कास्क' आणि बहुधा पिंपाचा क्रमांकही असतो.

वयाचा आकडा बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. '२५' लिहिलंय म्हणजे आत ३० वर्षांचीही थोडी असू शकते, २४ ची नाही. आणि हे वय पिंपातलं. काचेत गेल्यावर व्हिस्की म्हातारी होत नाही. बारा वर्षांची बाटली सासऱ्यांच्या शोकेसमध्ये वीस वर्षं राहिली, तरी ती बारा वर्षांचीच.

अल्कोहोलचा टक्का नीट पाहा. डिस्टिलरीतून पिंपात भरताना तो साधारण ६३ च्या आसपास असतो. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते आणि जोरही हळूहळू उतरतो. उडालेल्या भागाला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. हिशेब मांडून बघा: ५०० लिटरच्या पिंपातून वर्षाला २ टक्के गेले, तर पंचवीस वर्षांनी साधारण ३०० लिटर उरते. गोव्यात किंवा बेंगळुरूत उष्णतेमुळे हे प्रमाण कितीतरी पट जास्त असतं. वर्षाला १० टक्के धरले तर तितक्याच वर्षांनी त्याच पिंपात जेमतेम ३६ लिटर राहतील. गोव्याच्या पॉल जॉन किंवा बेंगळुरूच्या अमृतच्या बाटल्यांवर मोठी वयं का दिसत नाहीत, याचं उत्तर या हिशेबात आहे. अमृतने आपल्या एका जास्त मुरवलेल्या व्हिस्कीचं नावच 'ग्रीडी एंजल्स' ठेवलं. देवदूत तेच, इकडे येऊन हावरट झाले.

दुर्मीळ आणि जुनी, या दोन गोष्टींची गल्लत करू नका. ब्रोरा आणि पोर्ट एलन या डिस्टिलऱ्या १९८३ मध्ये बंद पडल्या. पुढची कित्येक वर्षं तिथे थेंबही गळला नाही, म्हणून त्यांच्या जुन्या बाटल्या दुर्मीळ. पुढे ब्रोरा २०२१ मध्ये आणि पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. ग्लेनफार्क्लस मात्र स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात १८६५ पासून ग्रँट घराण्याकडेच आहे आणि मातीच्या जमिनीच्या बुटक्या गोदामांत त्यांनी जुनी पिंपं राखून ठेवली आहेत. म्हणून त्यांची पंचवीस वर्षांची बाटली सहाजणांत मिळून तरी परवडते. शिकायला अशीच घ्या. लिलावातल्या बाटलीवर शिकू नका.

फार जुन्या, महागड्या बाटल्या टाळायचं आणखी एक कारण म्हणजे नकली माल. स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलात २०१७ मध्ये १८७८ सालची मॅकॅलन (एक नामांकित सिंगल मॉल्ट) म्हणून एक पेग ९,९९९ फ्रँकला विकला गेला. नंतर प्रयोगशाळेत कार्बन तपासणी झाली, तेव्हा ती व्हिस्की १९७० च्या आसपासची आणि बहुधा ब्लेंडेड, म्हणजे मिश्र, निघाली. पैसे परत मिळाले, पण प्यायलेलं काही परत आलं नाही. ओळखीच्या दुकानातून किंवा विमानतळावरच्या ड्यूटी-फ्रीमधून घेतलेली बाटली बरी. परदेशातून येताना माणशी २ लिटरपर्यंत करमुक्त आणता येते.

कॉर्क

वाइन आडवी ठेवतात, व्हिस्की उभी. तिचं अल्कोहोल कॉर्क खाऊन टाकतं. हे मी अनुभवाने सांगतो. एका मित्राच्या वडिलांनी चौदा वर्षं जपलेली बाटली आडवी ठेवली होती, का तर लेबल छान दिसतं. फिरवायला गेलो तर लाकडी बोंड माझ्या हातात आलं आणि खालचा कॉर्क ओल्या बिस्किटासारखा तुटून बाटलीच्या गळ्यात बसला. आम्ही घाबरून तो आत ढकलला. मग स्टीलच्या चहाच्या गाळणीत मलमलचं फडकं घालून सगळी व्हिस्की काचेच्या दुसऱ्या बाटलीत गाळली. फडकं त्याच आठवड्यात सुगंधी पावडरमध्ये धुतलेलं होतं. पुढचं सांगायला नको.

म्हणून उघडायच्या आदल्या दिवशी बाटली एकदा हळूच तिरकी करून कॉर्क आतून ओला करा आणि पुन्हा उभी ठेवा. उघडताना कॉर्क धरून बाटली फिरवा, सरळ वर उपसू नका. आधीच्या एखाद्या बाटलीचा चांगला कॉर्क जवळ असू द्या. तो रिकाम्या बाटलीसोबत फेकायची चूक आता मी करत नाही.

दिवस, वेळ, खोली

रात्री जेवणानंतर ही बाटली उघडायची नाही. मिसळ, ठेचा, सुकट, कांदा यांतलं काहीही पोटात गेलेलं असेल तर जीभ तासन् तास बधिर राहते. सर्वांत चांगली वेळ सकाळी अकराची: नाश्ता पचलेला, जेवणाची भूक नुकती लागलेली. नाक भुकेल्या पोटी जास्त तल्लख असतं. व्हिस्कीचं मिश्रण ठरवणारे ब्लेंडर लोकही नाकाचं काम सकाळीच उरकतात. घरच्यांना अकराची वेळ सांगितल्यावर काय ऐकावं लागेल, ते ज्याचं त्याने पाहावं. रविवारी दुपारी चार हा आमचा तोडगा.

मराठी घरात खरा शत्रू म्हणजे फोडणी. मोहरी-हिंगाचा वास पडद्यांत तासभर राहतो. त्यापाठोपाठ उदबत्ती, मग आफ्टरशेव्ह. त्या दिवशी हे तिन्ही बंद. पान, तंबाखू, सिगारेट आणि कडक कॉफीही नंतर.

तापमान हा आपल्याकडचा खास प्रश्न. स्कॉटलंडमध्ये 'खोलीच्या तापमानाला प्या' म्हणतात, ते १८-२० अंश धरून. मे महिन्यात नागपूरच्या खोलीत अल्कोहोल आधी उसळून नाकात जातं आणि मागचं काही कळत नाही. म्हणून बर्फ नको, फ्रीजही नको. खोलीचा एसी बाविसावर तासभर आधी लावा आणि बाटली त्याच खोलीत ठेवा.

ग्लास

जाड बुडाचा, रुंद तोंडाचा ग्लास आपण सिनेमात पाहतो. तो बर्फासाठी आहे. इथे पोट फुगीर आणि तोंड निमुळतं हवं, म्हणजे वास आत कोंडून राहतो. ग्लेनकेर्न नावाचा यासाठीच बनवलेला ग्लास आता भारतातही सहज मिळतो. नसेल तर लहान वाइन ग्लास चालेल. गरम पाण्याने धुवा आणि उपडा न ठेवता हवेवर वाळवा. मग नुसता रिकामा ग्लास नाकाशी धरा. कपाटाचा, फडक्याचा किंवा भांड्यांच्या साबणाचा वास येत असेल तर पुन्हा धुवा.

प्रत्येकाला दोन ग्लास द्या. एकात पंचवीस वर्षांची, दुसऱ्यात त्याच डिस्टिलरीची कमी वयाची. आम्ही ग्लेनफार्क्लस १५ घेतली. दोन्हींना शेरीच्या (एका स्पॅनिश वाइनच्या) पिंपांची जात सारखी, स्टिल तीच, पाणी तेच. फरक मुख्यतः वर्षांचा आणि थोडा जोराचा: १५ ची ४६ टक्के आहे, २५ ची ४३. या लेखातली एकच सूचना पाळणार असाल तर ही पाळा. जुनी व्हिस्की एकटी समोर आली की माणूस किंमत आठवून भारावतो. धाकटी शेजारी असली की वयाने काय दिलं आणि काय नेलं, ते दिसतं. वयाने नेलेलंही बरंच असतं.

प्रत्येक ग्लासात २० ते २५ मिली पुरे. दोन ग्लास मिळून ५० मिलीच्या आत राहा. तरी त्यानंतर गाडी चालवायची नाही.

पंचवीस मिनिटं थांबा

ओतल्यावर ग्लासावर बशी झाका. वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक मिनिट थांबावं, असा एक जुना ठोकताळा आहे. शास्त्र म्हणून त्याला अर्थ नाही, पण तो माणसाला बसवून ठेवतो. जुनी व्हिस्की ओतल्या ओतल्या बंद असते आणि पहिल्या पाच मिनिटांत फक्त लाकूड आणि पॉलिश पुढे येतं.

तेवढ्यात रंग पाहून घ्या आणि सोडून द्या. ग्लेनफार्क्लस रंग घालत नाही, म्हणून इथे गडद तांबूसपणा शेरीच्या पिंपाचा आहे. पण कॅरामेलला कायद्याने परवानगी असल्याने इतर बाटल्यांचा रंग पुरावा म्हणून धरता येत नाही. शिवाय तिसऱ्यांदा वापरलेल्या जुन्या पिंपातली चाळीस वर्षांची व्हिस्की गवती चहासारखी फिकट असू शकते. ग्लासाच्या कडेने उतरणाऱ्या रेषांवरही लोक फार बोलतात. त्यांना बोलू द्या.

नाक

निम्म्याहून जास्त काम इथे होतं.

ग्लास नाकात खुपसू नका. हनुवटीच्या पातळीवर धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. तोंड उघडं असलं की अल्कोहोलचा झणका कमी लागतो. आधी एक नाकपुडी, मग दुसरी. दोन्हींना सारखा वास येत नाही, हे करून पाहिल्याशिवाय पटणार नाही. तीन-चार सेकंद घ्या, ग्लास खाली ठेवा, थांबा. सारखं हुंगत राहिलात तर नाक थकतं आणि सगळं गोड वाटू लागतं. नाक पुन्हा जागेवर आणायला स्वतःच्या मनगटाचा वास घ्या. कॉफीच्या बिया वगैरे दुकानातले खेळ आहेत.

आता वासाला नाव द्यायचं. इंग्रजी पुस्तकांत फ्रूटकेक आणि मार्मालेड असतं. ज्याच्या घरी फ्रूटकेक झालाच नाही, त्याने तो शोधत बसण्यात अर्थ नाही. आमच्या वहीत त्या दिवशी १५ पुढे लिहिलंय: काळ्या मनुका, गूळ, भाजलेले बदाम, गरम शिऱ्यातलं तूप. २५ पुढे पहिल्या दहा मिनिटांत लिहिलंय: 'लाकडी कपाट. अजून काही नाही.' विसाव्या मिनिटाला संत्र्याची वाळलेली साल आणि अक्रोड. अर्ध्या तासाने जायफळ, मेण आणि जुन्या वहीच्या पानांसारखं काहीतरी. एकाने 'देवघराच्या फळीचा वास' असं लिहिलंय आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. तेल, कापूर आणि सागवान यांनी मुरलेला तो वास. टेस्टिंगच्या परदेशी पुस्तकात हा शब्द सापडायचा नाही, पण आम्हा सहाजणांना तो नेमका कळला.

जुन्या शेरी पिंपांत कधी गंधकाचा वास येतो: नुकती विझलेली काडी किंवा उकडलेलं अंडं. पिंप टिकवायला आत गंधकाची वात जाळत, त्याची ती खूण. थोडा असेल तर ग्लास हलवून अर्धा तास सोडा, बराचसा उडतो. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास असेल तर कॉर्क बिघडलेला आहे आणि त्याला उपाय नाही.

आयला या स्कॉटिश बेटाची, म्हणजे पीटच्या (दलदलीतून काढून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या) धुराची जुनी व्हिस्की समोर असेल तर अपेक्षा बदला. वर्षांगणिक धूर मागे सरतो आणि फळं वर येतात. आयलाच्याच बोमोर डिस्टिलरीत १९६० च्या दशकात गाळलेल्या व्हिस्कीबद्दल जाणकार एकमुखाने बोलतात ते पिकलेल्या आंब्याच्या आणि पॅशनफ्रूटच्या वासामुळे. हापूसच्या मुलखातल्या माणसाला एवढ्यासाठी तरी ती एकदा हुंगायला मिळावी.

घोट

पहिला घोट चवीसाठी नसतो. अगदी थोडी, दोन-तीन थेंब, जिभेवर पसरवा आणि गिळा. त्याने तोंडाला अल्कोहोलची ओळख होते. मिनिटभराने खरा घोट घ्या, लहान चमचाभर. लगेच गिळू नका. दहा-पंधरा सेकंद जिभेखाली, गालांत, हिरड्यांवर फिरवा, जणू चावताय. मग गिळून तोंड मिटा आणि श्वास नाकाने सोडा. निम्मी चव या सुटणाऱ्या श्वासात असते.

क्रम धाकटीकडून थोरलीकडे. मध्ये साधं पाणी आणि पावाचा तुकडा. आमच्याकडे कोरडी ज्वारीची भाकरी होती. तिने पावापेक्षा जीभ छान साफ होते.

इथे आपल्या भाषेचा मोठा फायदा आहे. 'तुरट' हा शब्द आपण लहानपणापासून जांभूळ, सुपारी आणि हिरडा यांच्यासाठी वापरत आलो आहोत. ओकच्या लाकडातून उतरणाऱ्या टॅनिनची चव नेमकी तीच. जुन्या व्हिस्कीत तुरटपणा असणारच. प्रश्न एवढाच की तो कुठे थांबतो. जांभळासारखा शेवटी येऊन गोडव्याला आवर घालत असेल तर पिंप वेळेवर रिकामं केलं. पाच मिनिटं जास्त उकळलेल्या चहासारखा सुरुवातीपासूनच टाळूला चिकटत असेल, मागे कडवटपणा सोडत असेल आणि बार्लीचा गोडवा शोधूनही सापडत नसेल, तर लाकडाने व्हिस्की गिळली. बाटलीवर वय ४० असो की ५०, असं झालं असेल तर तसं म्हणायला लाजू नका. आमच्या २५ मध्ये सुरुवात संत्र्याच्या गोडव्याची होती, मध्यात डार्क चॉकलेटची कडसर चव आणि शेवट बराच कोरडा. सहापैकी दोघांना १५ जास्त आवडली. त्यातला एक मी.

गिळल्यावर घड्याळ पाहा. १५ जोरात आली आणि दोनेक मिनिटांत ओसरली. २५ हळू आवाजात बोलत होती, पण सहाव्या मिनिटालाही अक्रोडाची साल जिभेवर होती.

पाणी

'पाणी घातलं म्हणजे पाप' असं म्हणणारे आणि ग्लास भरून पाणी घालणारे, दोघेही चुकतात. ड्रॉपर घ्या. औषधाच्या दुकानात मिळतो तो चालतो, पण नवा, खोकल्याच्या औषधात बुडालेला नको. पाणी आरओचं. बोअरचं जड पाणी नको.

पाण्याने वास का उघडतो, याचं उत्तर स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर रेणूंची हालचाल मांडून शोधलं. धुराचा वास देणारा ग्वायाकोल हा रेणू जास्त अल्कोहोलमध्ये द्रवाच्या पोटात अडकून राहतो आणि टक्का ४५ च्या आसपास उतरला की पृष्ठभागाकडे येतो. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ५५-६० टक्क्यांच्या कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातल्याच जोराने भरलेल्या, बाटलीला पाणी हवंच, चमचाभरही चालेल. ४३ टक्क्यांची जुनी व्हिस्की मात्र आधीच त्या पातळीच्या खाली आहे. तिला दोन थेंब, मग पाच मिनिटं थांबून वास, मग वाटलं तर आणखी एक. म्हातारी व्हिस्की पाण्याने पटकन विरघळते आणि उरतं फक्त तुरट लाकूड. म्हणून सगळ्या ग्लासात न घालता शेवटच्या तिसऱ्या भागावर हा प्रयोग करा.

पाणी घातल्यावर गढूळपणा आला तर घाबरू नका. थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीत जोर उतरला की तेलकट अंश बाहेर दिसतात, एवढंच.

उरलेली बाटली

बाटली अर्ध्यावर आली की आत हवा जास्त आणि व्हिस्की कमी. काही महिन्यांत वास विझायला लागतो. १०० मिलीच्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा, झाकणावर तारीख लिहा, कपाटात अंधारात ठेवा. शोकेसमध्ये ऊन येत असेल तर तिथे रिकामी बाटली ठेवा. पाहुण्यांना तेवढीच पुरते.

आणि ग्लास त्याच रात्री धुऊ नका. सगळं अल्कोहोल उडून गेल्यावर काचेला चिकटून जे राहतं, त्याचा सकाळी वास घ्या. कित्येकदा आदल्या दिवशी न सापडलेली गोष्ट तिथे स्वच्छ कळते. त्या दिवाळीत मी उठायच्या आतच आई सिंकपाशी उभी होती. तिने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. एक ग्लास नाकाशी धरून तिने विचारलं, "यात खारीक भिजत घातली होती का रे?" मी जाऊन वास घेतला. खारीकच होती. वहीत २५ पुढे सहाव्या ओळीत ती आईच्या नावाने लिहिली आहे.